सीटवरची गोणी

गाडीत उंदीर मेला तर तो नेमका कुठे मेला हे कळायला मार्ग नसतो. नुसता वास येतो. या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत मी बागेवरच्या शेडचं शटर वर केलं, माझ्या लाल स्पोर्ट्स कारवरचं कव्हर ओढलं, आणि असा भपकारा आला की सकाळी प्यायलेला चहा पुन्हा घशाशी आला. एकसष्ट वर्षांचा मी, उजवा गुडघा कामातून गेलेला, त्या बुटक्या गाडीत पालथा पडून, हातात चिमटा घेऊन तासभर हुंगत होतो. शेवटी सापडला. समोरच्या पॅनेलमध्ये, हवा येते त्या जाळीमागे, केळीच्या वाळक्या पानांचा आणि वायरींच्या सालींचा बिछाना करून साहेब पडले होते. चिमट्यात शेपूट आलं, बाकीचं आलं नाही. उरलेलं कसं काढलं ते सांगत नाही.

बायको शेडच्या दारात पदर नाकाला लावून उभी होती. ती म्हणाली, "तो चिमटा आता घरात आणू नका."

"गाडी विकून टाकतो," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली आणि हात धुवायला पाणी आणून ठेवलं. गेल्या पाच-सहा वर्षांत मी हे वाक्य इतक्या वेळा बोललो होतो की त्यावर बोलायचं तिने सोडून दिलं होतं. मी रागात म्हणायचो आणि दोन दिवसांनी पुन्हा फडकं घेऊन बॉनेट पुसत बसायचो.

गाडी घेतली त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्या साली आमच्या तापीकाठच्या केळीला असा भाव आला होता की लोकांनी घरं बांधली, पोरींची लग्नं उरकली, ट्रॅक्टर घेतले. मी पुण्याला जाऊन एका हौशी माणसाची जुनी गाडी घेऊन आलो. दोन दारं, दोनच सीटा, कापडी छत मागे पडतं, आणि सगळी गाडी माझ्या कमरेपर्यंतसुद्धा नाही. हौसेला मोल नाही म्हणतात. माझे वडील तेव्हा होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "यात घड कुठं ठेवायचे?"

मी ती गाडी बुऱ्हाणपुरात चालवली, हे आता माझं मलाच खरं वाटत नाही. या गावात दर पन्नास पावलांवर कोणीतरी आपल्या दारासमोर स्वतःच्या हाताने गतिरोधक घातलेला आहे, आणि प्रत्येकावर माझ्या गाडीचं पोट घासायचं. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. शनवारा चौकातल्या गर्दीत गाडी थांबली की रिक्षावाले वरून आत बघायचे, माझ्या टकलापासून पायांपर्यंत. एकदा बसच्या खिडकीतून एकाने गुटख्याची पिचकारी मारली ती सरळ बॉनेटवर. मी खाली उतरून भांडेपर्यंत बस सुटली. खाली उतरायचं म्हणजे तरी काय, तेव्हा गुडघा धड होता तरी त्या गाडीतून माणूस उतरत नाही, रांगत बाहेर येतो. त्या दिवशी मी माझ्या रुमालाने दुसऱ्याची थुंकी पुसली आणि रुमाल गटारात टाकला. पण गाडीचा राग आला नाही. राग बसचा आला, गुटख्याचा आला, अख्ख्या गावाचा आला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

गोणी आली ती पहिल्याच महिन्यात.

ज्यांचा केळीशी संबंध फक्त खाण्यापुरता आहे त्यांना चीक माहीत नसतो. केळीचा घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा रस गळतो. कपड्याला लागला तेव्हा काहीच दिसत नाही. वाळला की तपकिरी होतो, मग काळा पडतो, आणि तो डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. म्हणून आमच्याकडे कापणीचे कपडे वेगळे असतात, वेगळ्या खुंटीला असतात, आणि ते घातलेल्या माणसाला कोणी बाजेवर बसू देत नाही. त्या कापणीच्या दिवशी बायको सकाळपासून बागेत होती. कापलेले घड जमिनीवर खरचटू नयेत म्हणून खाली हिरवी पानं अंथरायची, हे काम तिच्यासारखं कोणाला जमायचं नाही. संध्याकाळी ती थकून आली, गाडीचं दार उघडलं आणि बसायला वाकली.

मी म्हणालो, "थांब."

आतल्या सीटा दुधी रंगाच्या कापडाच्या होत्या. तिच्या पातळावर चीक होता. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून युरियाची एक रिकामी गोणी आणली, झटकली, दुमडली आणि डाव्या सीटवर नीट अंथरली. मग म्हणालो, "आता बस, राणीसाहेब." ती हसली. बागेतल्या बायाही हसल्या. ती गोणीवर बसली आणि आम्ही ऐटीत गावात आलो.

त्यानंतर ती गोणी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असायची. मला पुन्हा कधी "थांब" म्हणावं लागलं नाही. ती स्वतःच खिळ्यावरून गोणी काढायची, अंथरायची आणि बसायची. गोणी प्लास्टिकची, निसरडी. वळण आलं की ती दाराकडे घसरायची, म्हणून दाराची मूठ धरून बसायची. घरून निघायचं तर पर्ससारखी गोणी तिच्या काखेत असायची. तुकईथडला माझ्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता. बायकोने नवं पैठणी काठाचं पातळ नेसलं होतं, अंगाला चिकाचा ठिपका नाही, आणि तरी गोणी अंथरून बसली. मी म्हणालो, आज काय गरज होती. ती म्हणाली, "असू द्या. तुमच्या जिवाले शांती." तिकडे पोचल्यावर तिने सगळ्यांदेखत गोणी घडी करून दाराच्या कप्प्यात ठेवली, आणि मी तो किस्सा ओसरीवर रंगवून सांगितला. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगत आलो. लोक हसायचे. तीही हसायची, निदान मला तसं वाटायचं.

मग लग्नसराईचं लचांड सुरू झालं. गावात अशी गाडी एकच, तेव्हा ज्याच्या घरी नवरदेव त्याच्या तोंडी माझं नाव. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. नातलगांना नाही म्हणता येईना. पुतण्याच्या वरातीत पोरांनी लाल रंगावर चिकटपट्टीने झेंडू चिकटवले, पट्टी काढताना रंगाचे पापुद्रे निघाले. नवरदेव बसणार म्हणून मी बायकोला म्हणालो, सीटवर टाकायला काही दे. तिने ट्रंकेतून तिच्या माहेरची भरतकामाची चादर काढून दिली, जी आमच्या पलंगावर सणालासुद्धा येत नव्हती. नवरदेवाच्या मित्राने दारातून आत वाकून फोटो काढता काढता त्या चादरीवर गुटखा सांडला. मला इतकी शिसारी आली की मी वरात अर्ध्यावर सोडून घरी आलो. चादर बायकोने तीन पाण्यांत धुतली. डाग राहिलाच. नवरदेवाला गोणी का नाही दिली, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. नवरदेवाला कोणी गोणीवर बसवतं का.

तर उंदराच्या निमित्ताने मी यंदा खरंच मनावर घेतलं. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडून वायरिंग नीट करून घेतलं, गाडी सुरू झाली, आणि चार लोकांच्या कानावर घातलं. मनातून मला विकायची नव्हती, हे कबूल करतो. मला कोणीतरी येऊन "अशी गाडी विकतात का" असं म्हणायला हवं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार.

पहिला आला तो वरातीच्या गाड्या भाड्याने देणारा. आल्या आल्या त्याने गाडीच्या बॉनेटवर हात आपटून बघितला, म्हशीची पाठ थोपटावी तसा. म्हणाला, "काका, यावर गुलाबाचं मोठं दिल बसवतो. खालून धूर सोडायचा. सीझनमध्ये एक दिवस खाली नाही राहणार." मला चिकटपट्ट्यांचा वास आला. मी म्हणालो, गाडी द्यायची नाही. तो म्हणाला, मग बोलावलं कशाला. बरोबरच होतं त्याचं.

दुसऱ्याचा असीरगढच्या खाली हायवेवर ढाबा होता. त्याने दार उघडून आत बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. "इंजन तुम रख लो काका," तो म्हणाला. "मेरेको तो खाली ढांचा होना. ऊपर छत पे चढ़ाऊंगा, लाइट मारूंगा. सेल्फी के वास्ते पब्लिक रुकेगी." तंदुरीच्या धुरात, कावळ्यांच्या विष्ठेखाली, माझी गाडी छपरावर. मी त्याला चहा पूर्ण पिऊ दिला नाही. तो गेल्यावर बराच वेळ शेडमध्ये बसून राहिलो. गुडघा ठणकत होता आणि सगळ्या मनुष्यजातीचा वीट आला होता. कोणाला गाडी कळत नाही, कोणाला वस्तू जपता येत नाही. या मुलखात मी एकटाच जपणारा, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. ती दुसऱ्याचा उरलेला चहा झाडाच्या बुंध्याशी ओतत होती.

तिसरा इंदूरहून आला. माझ्याच वयाचा, चष्मा गळ्यात अडकवलेला, बोलायला मऊ. त्याने आधी बूट पुसले, मग विचारलं, "हात लावू का?" मला तो तिथल्या तिथे आवडला. तो टॉर्च घेऊन गाडीच्या खाली गेला, बॉनेट उघडून कान लावून इंजिन ऐकलं, छत दोनदा मागेपुढे केलं. असल्या दोन जुन्या गाड्या त्याने घरी ठेवल्या होत्या, फक्त रविवारी फिरवायच्या. माझी छाती फुगली. मी त्याला सगळा इतिहास सांगितला, पिचकारीपासून उंदरापर्यंत, आणि अर्थात गोणीचा किस्साही सांगायच्या बेतात होतो.

तेवढ्यात त्याने डाव्या सीटवर ठेवलेली गोणी उचलून बाजूला केली. मग हाताचा पंजा त्या कापडावरून फिरवला. एकदा वर, एकदा खाली.

"ही तर कोरी आहे," तो म्हणाला. "कारखान्यातून निघाल्यासारखी. लवसुद्धा बसलेली नाही."

"जपली आहे," मी म्हणालो.

मग तो माझ्या बाजूला आला. माझ्या सीटवर पाठीला आराम म्हणून लाकडी मण्यांची जाळी टाकलेली असते, कित्येक वर्षांपासून. त्याने ती उचलली. खाली दुधी रंग कुठेच नव्हता. काळे डाग, तपकिरी डाग, डागांवर डाग, मांड्यांच्या जागी तर कापडाचा पत्रा झालेला. घाम असेल, तेल असेल, जुनेपणा असेल, असं मी कधीतरी समजून घेतलं होतं आणि वरून मणी टाकले होते. तो माणूस वाकून वास घेतल्यासारखं करत म्हणाला, "हा चीक आहे. माझं आजोळ रावेरकडचं, मला माहीत आहे. तुम्ही बागेतून तसेच येऊन बसत असाल."

मी बसत होतो. कापणीच्या दिवशी मीही तिथेच असायचो, घडांना हात लावायचो, दांडे उचलायचो, पॅन्टला हात पुसायचो. माझी पॅन्ट गडद रंगाची असायची, डाग दिसायचा नाही, म्हणून मी स्वच्छ. तिचं पातळ फिकं, म्हणून तिचा डाग. वीस वर्षांत एकदाही, अगदी एकदाही, गोणी आपल्या बुडाखाली घ्यावी असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आणि बाजूला कोणी बसायचंच नाही का?" त्याने सहज विचारलं.

बायको चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, "मी बसायची."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या गोणीकडे. "अच्छा," एवढंच म्हणाला, गोणीची घडी घातली आणि चहा घेतला. घरच्यांनी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. सोनारानेच कान टोचावे लागतात, पण ते इतके दुखतील असं वाटलं नव्हतं. उंदराची किळस हात धुतल्यावर गेली होती. ही कशाने जाणार होती ते मला कळेना. पंगतीपंगतीत मी सांगितलेला तो विनोद, तेव्हा हसलेली सगळी तोंडं, आणि त्यात दाराची मूठ धरून घसरत बसलेली ही बाई, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मला माझीच शिसारी आली. मी त्या माणसाला तिथेच सांगितलं, गाडी तुमची. त्याने जी किंमत सांगितली ती मी कबूल केली. तो परवा बायकोला घेऊन येतो म्हणाला आणि गेला.

मधल्या दिवशी बागेत कापणी होती. संध्याकाळी गाडी घरी न्यायची होती. मी दुपारीच खिळ्यावरची गोणी काढून कोपऱ्यात फेकली, आणि बायको आली तेव्हा डावं दार स्वतः उघडून उभा राहिलो. तिचं पातळ गुडघ्यापर्यंत चिकाने भरलेलं होतं.

"बस," मी म्हणालो.

तिने आधी खिळ्याकडे पाहिलं. "गोणी कुठं गेली?"

"लागत नाही गोणी. तशीच बस."

ती सीटकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तुमाले काय झालं? उद्या ते लोक गाडी न्यायले येतील. त्यांची सीट मी काहाले खराब करू?"

"अजून आपलीच आहे," मी म्हणालो. "खराब होऊ दे."

"आपली होती तवा नाही केली," ती म्हणाली. रागाने नाही. तिने दार हळूच लोटलं, आपटू नये म्हणून हात लावून लोटलं, आणि बायांबरोबर ट्रॉलीत चढून बसली. मी ट्रॅक्टरच्या मागे मागे, धूळ खात, त्याच्याच चालीने घरी आलो. दर गतिरोधकाला पोट घासलं. मी वाचवायचा प्रयत्न केला नाही.

सकाळी ते दोघं भाड्याच्या टॅक्सीने आले. त्याची बायको जाडजूड, हसरी, पायात धुळीच्या चपला. वाटेत गावात थांबून तिने मावा जिलबी घेतली होती. कागदाच्या डब्यातून पाक गळत होता आणि बोटं चिकट होती. कागदांवर सह्या झाल्या. मी किल्ली दिली. ती बाई डाव्या दाराशी आली, दार उघडलं आणि सीटकडे न बघता धपकन बसली. चपला तशाच आत. डबा मांडीवर ठेवला, एक जिलबी खाल्ली, आणि बोटं सीटच्या कडेला पुसली. माझं तोंड सवयीने उघडलं होतं, ते मी मिटलं. तिच्या नवऱ्याने हे पाहिलं. त्याने तिच्या डब्यातली एक जिलबी उचलून तोंडात टाकली आणि गाडी सुरू केली.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही दोघं फाटकात उभे होतो. मला वाटलं, बायको आता काही तरी लागेल असं बोलेल, आणि ते ऐकून घ्यायची मी तयारी केली होती.

ती म्हणाली, "किती आरामात बसली ती."

मग ती आत गेली. आदल्या संध्याकाळी शेडच्या कोपऱ्यातून तिने गोणी उचलून ट्रॉलीतून घरी आणली होती, ती ओट्यावर पसरली आणि तिच्यावर मूग वाळत घातले.